हयातीचा दाखला

३१ मे २०२३ ला मी रिटायर झाले, बुधवार होता. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, शेवटची काही वर्षं इनचार्ज सिस्टर, सरकारी कागदावर परिसेविका. शाल झाली, श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं, आणि आमच्या वॉर्डातल्या मावश्यांनी आपसात वर्गणी काढून मला चार खणांचा स्टीलचा डबा दिला. म्हणजे ड्युटी संपली त्या दिवशी डबा! मी हसले तर एक मावशी म्हणाली, "असू द्या सिस्टर, चर्चला न्या भरून." तिला काय माहीत ती किती खरं बोलली ते.

कारण पुढच्याच रविवारी उपासना संपताना पाळक साहेबांनी मला पुढे बोलावून प्रार्थना केली, आमच्या भगिनीला प्रभूने इतकी वर्षं सांभाळलं वगैरे, मला थोडं रडूही आलं, आणि बाहेरच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिघांनी माझ्या हातात तीन कामं ठेवली होती. संडे स्कूलला शिक्षिका कमी पडतात. महिला मंडळाच्या चिटणीस बाई पुण्याला मुलाकडे राहायला गेल्यात. आणि एक एल्डर, म्हणजे चर्चच्या कारभारातले वडीलधारे, चांगला माणूस आहे, म्हणाले की सिस्टर दर महिन्याला एक बीपी-शुगरचा कॅम्प लावून टाकू, आता काय तुम्ही रिकाम्याच आहात.

रिकाम्या. तो शब्द मला खुपला, का ते लगेच कळलं नाही, घरी भाकरी थापताना कळलं. वॉर्डात आम्ही बेडला रिकामा म्हणतो. बेड रिकामा झाला की अर्ध्या तासात चादर बदलून दुसरा पेशंट त्यावर घ्यायचा ही माझीच शिस्त होती, त्यावरून मी नव्या मुलींना किती बोललेय, आणि आता मंडळी माझ्याशी तेच करत होती, चादर पण बदलली नव्हती अजून.

मी हो म्हणाले अर्थात. तिन्ही कामांना. नर्सला नाही म्हणायची सवय नसते, ख्रिस्ती बाईला तर नसतेच, आणि मी दोन्ही.

आपल्याकडे सेवापूर्तीच्या प्रार्थनासभेत एक वाक्य ठरलेलं असतं, की सरकारी सेवेतून निवृत्त झालात तरी देवाच्या सेवेतून निवृत्ती नाही. मी स्वतः त्याला कितीदा आमेन म्हटलंय. वाक्य वाईट नाहीच. फक्त आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, सेवा या शब्दाचा अर्थ हळूहळू कार्यक्रम असा झालाय, त्यामुळे ते वाक्य ऐकू येतं ते असं, की बाई, नाताळात खुर्च्या कोण लावणार?

तर मुद्दा असा की वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचं असं मी बऱ्याच जानेवारींना ठरवलं होतं आणि दर वेळी लेवीय आणि गणना यांच्या आसपास शिफ्ट बदलायची आणि ते बारगळायचं. रिटायर झाल्यावर ती पुस्तकं पहिल्यांदा सलग वाचली. आणि गणनाच्या ८ व्या अध्यायाच्या शेवटी मला चक्क रिटायरमेंटचा जीआर सापडला. गंमत नाही करत, २३ ते २६ वचनं काढून बघा. लेव्यांनी, म्हणजे इस्राएलातल्या ज्या वंशाकडे देवाच्या मंडपाची सेवा होती त्यांनी, पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या कामाला लागायचं आणि पन्नास वर्षांचे झाले की काम थांबवायचं, पुढे सेवा करायची नाही, पण आपल्या भाऊबंदांच्या सोबतीला राहून पहारा करायचा. झालं, एवढंच. म्हणजे "देवाच्या सेवेत निवृत्ती नाही" असं आपण म्हणतो आणि इथे देव स्वतः मोशेला वय ठरवून देतोय, तेही अठ्ठावन्न नाही, पन्नास!

मग मी मागेपुढे वाचलं, की यांचं काम तरी काय होतं. काम होतं ओझं. दर्शनमंडप म्हणा की निवासमंडप, तो म्हणजे तंबूच ना, मुक्काम हलला की सगळं सोडायचं, बांधायचं, वाहून न्यायचं, पुढे पुन्हा उभं करायचं. लेव्यांची तीन घराणी, त्यातल्या मरारीच्या लोकांकडे फळ्या, अडसर, खांब आणि ते रोवायच्या बैठका. त्यातल्या चांदीच्या बैठका शंभर होत्या, एकेक बैठक एक किक्कार वजनाची, म्हणजे तीस किलोच्या वर धरा. त्यांना निदान चार गाड्या आणि आठ बैल मिळाले होते. गेर्षोनच्या लोकांना दोन गाड्या. आणि कहाथच्या लोकांना एकही नाही, कारण त्यांच्याकडे पवित्र वस्तू, त्या खांद्यावरूनच न्यायच्या. वाळवंटात. उन्हात. खांद्यावर.

हे वाचताना माझ्या कमरेत कळ आली, खरंच सांगते. बेडवरून ट्रॉलीवर पेशंट घ्यायचा तर चार माणसं लागतात आणि असतात दोन, त्यातला एक नातेवाईक घाबरलेला. माझी एल-फोर एल-फाइव्हची गादी चाळिशीतच सरकली होती, शेवटची दहा वर्षं मी पट्टा लावून ड्युटी केलीय आणि कोविडमध्ये त्या पट्ट्यावर पीपीई किट. तेव्हा पन्नाशीनंतर या माणसांच्या खांद्यावरचं काढा असं ज्याने सांगितलं त्याला कंबर म्हणजे काय ते माहीत होतं असं मला वाटलं. इतकी वर्षं मी ऐकलेल्या कुठल्याच उपदेशात हा मुद्दा नव्हता. बहुतेक उपदेश करणाऱ्यांनी कधी कुणाला उचललेलं नसावं, असो.

पुढे दावीद राजाच्या काळात तर नियमच बदलला, १ इतिहास २३ मध्ये आहे, आता मंडप वाहून न्यायचा नाही म्हणून लेव्यांचं वय वीसपासून मोजायला लागले. म्हणजे वय हे वयासाठी नव्हतं, ओझ्यासाठी होतं.

आणि ओझं उतरवल्यावर त्यांना घरी नाही पाठवलं. पहारा दिला. हा शब्द मी बरेच दिवस घोळवला, कारण नाइट ड्युटी केलेल्या माणसाला पहारा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रात्री दोन ते चार काहीच होत नाही बऱ्याचदा. तुम्ही काही करत नसता. फक्त जागे असता, आणि कुणाचा श्वास बदलला की तो तुम्हाला कळतो. तेवढंच काम. पण तुम्ही नसाल तर सकाळी एक बेड रिकामा असतो.

आता यातलं दुसरं टोक पण सांगते, नाहीतर लोक म्हणतील सिस्टरला कामं नकोत म्हणून वचनं शोधतेय. लेव्यांना पन्नाशीत काम सोडायला सांगितलं याचा अर्थ ते पंचविशीच्या पोरांच्या हातात द्यायलाही सांगितलं. आपल्या मंडळ्यांत काही मंडळी कमिटीवर अशी बसलेली असतात की करारकोश, ती देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, बरा, त्याला निदान दांडे होते, चार जणांनी उचलला की हलायचा. वसईची माझी एक मैत्रीण आहे, नर्सिंगला बरोबर होतो, कॅथलिक, ती म्हणते आमच्याकडे बिशपला पंच्याहत्तरीला राजीनामा द्यावाच लागतो आणि पोप बेनेडिक्टनी तर २०१३ मध्ये पंच्याऐंशी वर्षांचे असताना स्वतःहून पद सोडलं, जवळजवळ सहाशे वर्षांत कुणी सोडलं नव्हतं. मी तिला म्हटलं, बाई, पोप सोडतात, खजिनदार नाही सोडत.

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळायला वेळ लागतोय) असा विषय निघाला की दोन-तीन नावं हमखास येतात. पंडिता रमाबाई पहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर एकटीने करत होत्या, केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये, आधी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू, शेवटची प्रुफं तपासली आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. चौसष्ट वर्षं पण पूर्ण नव्हती, चौसष्टावं चालू होतं. मला रमाबाईंबद्दल काय वाटतं ते शब्दात नाही सांगता येणार. पण ही गोष्ट निरोप समारंभात रिटायर होणाऱ्या तलाठ्याला नाहीतर हेडक्लार्कला सांगतात ना, तेव्हा तो बिचारा मान खाली घालून बसतो. रमाबाई एखाद्याच असतात. मोजपट्टी म्हणून नाही वापरायच्या.

मला जास्त जवळच्या वाटतात लक्ष्मीबाई टिळक. आणि त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचं पण एक आहे, त्यांनी १९१७ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचावन्न-छप्पन्नला, अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारला 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली, पेन्शनचा विचार नाही काही नाही. जेमतेम दोन वर्षं मिळाली त्यांना, १९१९ च्या मे महिन्यात गेले. ते म्हणजे वादळच होतं, त्यांच्या मागे धावता धावता लक्ष्मीबाईंचा जन्म गेला. पण बाई लिहायला बसल्या त्या टिळक गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, शाळेचं तोंड न बघितलेली बाई, नवऱ्याने घरी अक्षरं शिकवलेली, आणि त्यांच्या आत्मचरित्राचा, 'स्मृतिचित्रे'चा, पहिला भाग आला १९३४ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर. शेवटचा भाग तर मुलाने पुरा केला, त्या १९३६ मध्ये गेल्या. मला यातलं आवडतं ते हे की त्यांनी म्हातारपणी काही नवीन मिशन काढलं नाही. जे झालं ते आठवलं आणि सांगितलं, स्वतःला हसत सांगितलं. मागे वळून बघत बसणं पण एक काम असू शकतं. आपल्याकडे आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्याला लोक म्हणतात झालं यांचं सुरू.

पैशाचं बोलते थोडं, कारण पैशाशिवाय रिटायरमेंटवर बोलणं म्हणजे ढोंग. मला जुनी पेन्शन आहे. मी रिटायर व्हायच्या दोन महिने आधी, मार्च २०२३ मध्ये, राज्यभर जुन्या पेन्शनसाठी संप झाला, १४ तारखेपासून आठवडाभर, माझ्या वॉर्डातल्या मुली बाहेर घोषणा देत होत्या. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना ती पेन्शन नाही, त्याच वॉर्डात, तेच इंजेक्शन देऊन, तीच कंबर मोडून. आमचे हे एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांना ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांची, पेन्शन येते, दोन-अडीच हजार, ते तिला मोबाइल रिचार्ज म्हणतात. तेव्हा लूक १२ मधल्या त्या श्रीमंत माणसावर, जुनी कोठारं पाडून मोठी बांधतो म्हणणाऱ्यावर, मी काही बोलायची नाही, माझं कोठार सरकारने बांधून दिलंय. एकच सांगते, तो दाखला परत वाचला तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाच्या बोलण्यात दुसरं कुणी नाहीच. माझं पीक, माझी कोठारं, माझ्या जिवा विसावा घे. विसावा घेण्यात चूक नाही हो, पण ज्याला विसाव्याबद्दल सांगायला स्वतःच्या जिवाशिवाय कुणी नाही त्याची मला आता कीवच येते.

यांचं एक सांगायचं राहिलं. पुरुषांना फार जड जातं हे. बाई रिटायर झाली तरी गॅस तिची वाटच बघत असतो, निवृत्ती कसली, एक शिफ्ट कमी झाली एवढंच. हे माझ्या दोन वर्षं आधी रिटायर झाले आणि सहा महिने नुसते ओट्यावर पेपर घेऊन, पेपर पण उलटा धरलाय का असं वाटायचं. कुणी "काय करता सध्या" विचारलं की चिडायचे. मला तेव्हा कळायचं नाही, मी ड्युटीवर जायचे आणि वर त्यांनाच बोलायचे की घरात बसून निदान दळण तरी आणा. आता कळतं. चाळीस वर्षं जो माणूस "फिटर आहे" असं सांगतो त्याला एका सकाळी "आहे" च्या आधी काय लावायचं तेच कळत नाही. उत्पत्तीत देवाने माणसाला घडवलं ते काम लागायच्या आधी, मग बाग राखायला दिली, हे पाळक साहेब छान सांगतात, पण ओट्यावर बसलेल्या माणसाला ते पोचत नाही. त्यांना पोचलं ते चर्चच्या पेटीचा भाता फाटला तेव्हा. कुणी सांगितलं नाही, स्वतःच घरी आणली, आठ दिवस उघडून बसले होते, अंगणभर सुरांच्या पट्ट्या. आता आसपासच्या चार-पाच गावांतल्या मंडळ्यांच्या पेट्या येतात आमच्याकडे. पैसे घेत नाहीत, चहा घेतात, आणि बिघाड कसा झाला यावर अर्धा तास बोलतात.

अजून एक वचन आहे ते बायकांनी वाचावं, १ तीमथ्य ५ मधलं ९ वं. पहिल्या मंडळीत विधवांची यादी असायची, म्हणजे मदत मिळायचीच पण नाव लागायला अटी होत्या, मुलं वाढवलेली, पाहुण्यांचं केलेलं, पाय धुतलेले, अडल्यानडल्यांना मदत केलेली, आणि वय साठच्या खाली नको. आयुष्यभर मी जाहिरातींमध्ये कमाल वयोमर्यादा वाचत आले, इथे किमान वयोमर्यादा! साठ नसेल तर अर्ज बाद. मी अजून पात्र नव्हते हे वाचलं तेव्हा, फार बरं वाटलं.

तर तिन्ही कामं मी वर्षभर केली. संडे स्कूल सोडलं, आवाज चढतो माझा, वॉर्डाची सवय. चिटणीसपद एका तिशीतल्या सुनेला दिलं, ती व्हॉट्सअॅप ग्रुप माझ्यापेक्षा शंभरपट नीट चालवते, फक्त सकाळी साडेपाचला वचन टाकते. कॅम्प ठेवला. आणि मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पाय सरकला, उजवं मनगट, सहा आठवडे प्लास्टर.

आमच्या प्रार्थनासभेत साठीपुढच्या बायकांची एकच मागणी असते, बाकी सगळं फिरून फिरून तिथेच येतं, की प्रभू हातपाय चालू असताना ने, कोणावर ओझं नको करू. मी पण हेच मागायचे. बायबलमध्ये हे मागणारा एक माणूस आहे, बर्जिल्लय, ऐंशी वर्षांचा, २ शमुवेल १९ मध्ये. दावीद राजा पळून आला होता तेव्हा यानेच त्याला जेवूखाऊ घातलं. राजा परत निघाला तर म्हणतो, चल माझ्याबरोबर यरुशलेमला, तुला मी सांभाळतो. तर म्हातारा म्हणतो, मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, मी राजावर ओझं कशाला होऊ, मला माझ्या गावी आईबापाच्या थडग्यापाशी मरू दे, आणि हा किम्हाम, याला ने. मला फार आवडतो तो. स्वतःची जागा तरुण पोराला दिली हे तर आहेच. पण ते "ओझं कशाला होऊ" वाचलं की मी आता थांबते. कारण राजाने ओझं म्हटलेलं नाही, ते हाच म्हणतोय.

मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांना आंघोळ घातली, बेडपॅन दिलं, तोंड पुसलं. खरं सांगायचं तर काही वेळा ओझं वाटलं, काही वेळा मी पेशंटवर खेकसले पण आहे, त्याची क्षमा मागितलीय. पण त्यातल्या कुणाच्या जगण्याला अर्थ नाही असं माझ्या मनात आलं नाही कधी. आणि स्वतःवर वेळ आली, नुसतं एक मनगट, तर मला वेणी घालता येईना आणि मी दोन दिवस केस तसेच गुंडाळून बसले पण यांना सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी यांनीच कंगवा घेतला. माणसाने जन्मात कधी वेणी घातलेली नाही, फॅन बेल्ट बसवल्यासारखी ओढून ओढून घातली, डोकं दुखलं दिवसभर. मी रडत होते आणि हे विचारतायत फार ताणली का.

येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा पेत्र म्हणाला होता ना, प्रभू तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. मला तो नेहमी नम्र वाटायचा तिथे. आता वाटतं अकड होती ती. आणि त्याच पेत्राला शेवटी योहान २१ मध्ये ऐकवलं गेलं की तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून पाहिजे तिकडे जायचास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. ते त्याच्या मरणाबद्दल आहे, लिहिलंय तिथेच. पण मला प्लास्टरमध्ये ते वेणीबद्दल वाटलं.

आणि आता बाईंबद्दल, ज्यांच्याविषयी खरं म्हणजे मला लिहायचं होतं आणि एवढं सगळं दुसरंच लिहून झालं.

बाई म्हणजे माझ्या संडे स्कूलच्या बाई. मिशनच्या शाळेत शिकवायच्या. "येशू रडला" हे सगळ्यात छोटं वचन पाठ म्हणून दाखवून आम्ही बक्षीस घ्यायला बघायचो तर त्या म्हणायच्या का रडला ते सांग, मग बक्षीस. लग्न केलं नाही, आता भाचीकडे असतात, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. बाई १९९५ ला रिटायर झाल्या तेव्हा त्यांनाही सगळ्यांनी कामं देऊ केली होती आणि बाईंनी एकही घेतलं नाही, लोक बोलले त्यावरून, पेन्शन खाऊन बसल्या म्हणाले. त्या फक्त शेवटून दुसऱ्या बाकावर बसायच्या. तिथून सगळी मंडळी दिसते. कोण आलं नाही ते बघायच्या. दोन रविवार कुणी दिसलं नाही की मंगळवारी बाई रिक्षा करून त्या घरी. काही उपदेश नाही, चहा घ्यायच्या, बसायच्या, निघताना प्रार्थना. माझं दुसरं मूल पोटात गेलं आणि मी चर्चला जायचं सोडलं होतं, तेव्हा बाई सात मंगळवार आल्या. सातव्या मंगळवारी पण काही बोलल्या नाहीत. गणनामधला तो पहारा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यापुढे कोण आलं असेल ते सांगायला नको.

त्यांची दोनशे पानी वही होती, त्यात नावं. पहाटे पाचला उठून एकेक नाव घेऊन प्रार्थना. २०२२ पासून विसरायला लागल्या. आधी गॅस, मग वार, मग माणसं. एक काळ असा होता की वही उघडून नावं वाचायच्या पण कोण ते माहीत नसायचं, तरी वाचायच्या. आता वही पण हातात धरत नाहीत.

आता ते निरोप समारंभातलं वाक्य इथे म्हणून बघा, देवाच्या सेवेत निवृत्ती नाही. बाईंच्या पलंगाशेजारी उभं राहून म्हणा. मला नाही म्हणता येत. रमाबाईंची गोष्ट इथे चालत नाही, लक्ष्मीबाईंची पण नाही, आठवायलाच काही उरलेलं नाही. मला इथे एकच वचन चालतं, यशया ४६, आणि ते सुरुवातीपासून वाचावं लागतं. बेल आणि नबो, बाबेलचे देव, जनावरांवर लादलेत, थकलेल्या जनावरांना ते ओझं झालंय. आणि मग इस्राएलाचा देव म्हणतो, तुम्हाला मी गर्भापासून वाहत आलो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच वाहीन. म्हणजे खांद्यावरचं ओझं उतरवून पहाऱ्याला बसवलं, आणि पहारा पण झेपेना तेव्हा उचलून घेतलं. मला वाटतं बाई सध्या तिथे आहेत. त्यांचा उपयोग काय हे विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही, मी भांडते.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा, आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सिद्ध करायचं, नाहीतर पेन्शन बंद. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांचे दाखले मीच करते आता, भांडी घासून घासून बोटांचे ठसे गेलेले असतात, मशीनवर उमटत नाहीत, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं. त्यात आधी ऑपरेटरचा चेहरा स्कॅन करावा लागतो, म्हणजे मी आधी मी आहे हे दाखवायचं, मग समोरच्याचं. बाईंच्या घरी गेले, माझं झालं, मग फोन त्यांच्यासमोर धरला. गोलात चेहरा आला. खाली सूचना, डोळ्यांची उघडझाप करा. बाई टक लावून बघतायत, पापणी हलवेनात. भाची म्हणाली, मावशी डोळे मिट, उघड. नाही. तीनदा फेल गेलं. शेवटी मी फोनच्या वरून त्यांच्याकडे बघून लहान बाळाला करतो तशी डोळ्यांची उघडझाप केली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तशीच केली.

झालं सबमिट. मी फोन खाली ठेवला तर बाई म्हणाल्या, "ड्युटी संपली का गं?" हे त्या मला दर वेळी विचारतात, माझ्या साडीवरून की आवाजावरून की कशावरून त्यांना ड्युटी आठवते देव जाणे, नाव आठवत नाही. आधी मी सांगायचे, रिटायर झाले बाई. त्या दिवशी म्हटलं, "नाही बाई, नाइटला आहे."

"मग जेवून घे. डबा आणलास?"

आणला होता, तोच चार खणांचा. वरच्या खणात मऊ भात होता, त्यांच्यासाठी कालवलेला. मी पहिला चमचा पुढे केला तर त्यांनी माझा हात माझ्याच तोंडाकडे वळवला, आधी तू खा म्हणाल्या.